हेमावतीचा रविवार

माझ्या भावजयीला कुणी ‘किती सेवाभावी बाई’ म्हटलं की माझ्या कपाळाला आठी पडते. आहेच ती सेवाभावी, मी कुठं नाही म्हणते? पण आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या माणसांत, सेवाभावी माणसाचं काय होतं ते मी या डोळ्यांनी बघितलंय. एक काम नीट केलं की दुसरं गळ्यात पडतं. दुसरं केलं की तिसरं. आणि एक दिवस ते माणूस आडवं झालं की सगळे फळं घेऊन भेटायला येतात आणि विचारतात, अहो, असं अचानक कसं काय झालं?

मी निवृत्त नर्स. नोकरीची सगळी वर्षं करमाळ्याच्या बाजूला सरकारी दवाखान्यांत गेली. लग्न केलं नाही. केलं असतं तर त्या बिचाऱ्याचं काही खरं नव्हतं, असं माझा धाकटा भाऊ महिपती म्हणतो. पेन्शन सुरू झाल्यावर सोलापुरात त्याच्याच घरी राहायला आले, विजापूर रोडला. राग माझ्या नाकावर असतो, हे मला मान्य आहे. पण तो फुकटचा कधी नसतो.

तर ही हेमावती, महिपतीची बायको. बुटकी, सावळी, आणि पायाला भिंगरी. माहेर अक्कलकोटकडचं. घरात आईशी कानडी, बापाशी मराठी, अशी वाढलेली. शाळांचे गणवेश शिवणारे कारखाने आमच्या सोलापुरात पुष्कळ. त्यातल्या एका कारखान्यात ती काज-बटनाला आणि महिपती कटिंग मास्तर. कापडाच्या थप्पीवर खडूनं रेघ मारून तो मशीन फिरवायचा तेव्हा बघत राहावं असा त्याचा हात होता. दोघं सकाळी एकाच गाडीवर जायचे, संध्याकाळी एकाच गाडीवर यायचे. पोरबाळ झालं नाही, पण त्याचं रडगाणं मी त्या घरात कधी ऐकलं नाही.

हेमावतीकडं मंडळीतली कामं किती होती म्हणता? गायकगटात गाणं. शब्बाथशाळेतली पोरं, म्हणजे उपासनेआधी लहान मुलांचा वर्ग असतो तो. महिला मंडळ. आजाऱ्यांच्या भेटी. कुणाच्या घरी गेलेल्या माणसाची स्मरणभक्ती असली की तिथला चहा, आणि रविवारी उपासनेनंतरचा चहा पण. वेदीवरची फुलं. आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, त्याचा द्राक्षरस. आमच्याकडं काळ्या मनुका उकळून, कुस्करून, गाळून तो रस घरी करतात. तो करायचा मान पण हिचाच. मान म्हणायचं त्याला. चर्चचे सेक्रेटरी अभिमन्यू थोरात फोन करायचे आणि म्हणायचे, “हेमाताई, एवढं जरा बघता का?” त्या माणसाचं ‘एवढं’ कधी संपलं नाही.

मागल्या वर्षी जुलैमध्ये महिपती कटिंगच्या टेबलाजवळ कोसळला. लकवा. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. दवाखान्यातून घरी आणला तेव्हा तो खाटेवर नुसता छताकडं बघत पडायचा. मी असले पेशंट शेकड्यानं बघितलेत, पण आपला भाऊ असला की गोष्ट वेगळी. मी मोरीत नळ सोडून रडून घेतलं आणि तोंड धुऊन बाहेर आले.

व्यायाम करून घ्यायला दिपाली नावाची मुलगी यायची. सांगोल्याकडच्या मेंढपाळाच्या घरातली, शिकून फिजिओ झालेली, बोलायला एकदम सरळ. आठवड्यातून एकदा यायची. पहिल्याच दिवशी तिनं हेमावतीला समोर बसवून सांगितलं, “काकू, काका चालतील. पण माझ्या एका दिवसानं न्हाई चालायचे. रोज सकाळ-संध्याकाळ तुमी करून घ्यायला पाहिजे. पयलं वर्ष लई मोलाचं असतं. ते गेलं की पाय हट्टी हुतो.”

महिपतीला चालायचं होतं, पण त्याच्या मनात जे होतं ते वेगळं होतं. आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी माणसं आपापल्या बाकावरून उठून पुढं जातात, वेदीपाशी गुडघे टेकतात, भाकर आणि पेला घेतात. महिपतीला आम्ही चाकाच्या खुर्चीतून न्यायचो आणि खुर्ची मागच्या बाकाशेजारी लावायचो. सगळ्यांचं झालं की पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, भाकर आणि पेला घेऊन त्याच्याकडं यायचे. एकदा घरी आल्यावर तो जड जिभेनं मला म्हणाला, “आक्का, सगळे उठून जातात. मला तिथंच आणून देतात. मला जायचंय. माझ्या पायांनी.” एवढं बोलायला त्याला किती वेळ लागला असेल! मी म्हटलं, “जाशील की. न जायला काय झालंय?”

आता तुम्ही म्हणाल, बाई, तू नर्स, तूच का नाही व्यायाम करून घेतलास? घेतला की! दोन दिवस. मी म्हणायचे पाय उचल, आणि तो तोंड उचलायचा. “हा तुझा वॉर्ड नाही” हे वाक्य मात्र त्याच्या जड जिभेवरून अगदी स्पष्ट निघायचं. तिसऱ्या दिवशी त्यानं डाव्या हातानं उशी फेकून मारली. आम्ही बहीणभाऊ लहानपणापासून असेच. तो ऐकायचा फक्त हेमावतीचं. ती म्हणाली की पाय उचलायचा, हात वर करायचा, वर हसायचा पण.

पण हेमावती घरात असेल तर ना!

ती सकाळी खिडकीच्या गजाला धरून त्याला उभा करायची, आणि फोन वाजायचा. कुणाची सासू दवाखान्यात, कुणाच्या घरी प्रार्थना, कुणाला बाप्तिस्म्यासाठी पांढरा फ्रॉक शिवून हवा. “आलेच हं,” म्हणून ती त्याला परत खाटेवर बसवायची आणि जायची. संध्याकाळी कारखान्यातून येतानाच दोन घरं करून यायची. नवरा पडल्यावर काम कमी करायचं सोडून तिनं वाढवलं. याला काय म्हणायचं? रविवारी तर पहाटेपासून दुपार कलंडेपर्यंत ती चर्चमध्ये. विश्रांतीचा वार म्हणे!

मी तिला बोलले. एकदा नाही, अनेकदा बोलले. “हेमा, तुमचं महिला मंडळ आजाऱ्यांच्या भेटी घेतं ना? या घरात एक आजारी हाय. त्याचा नंबर कधी लागणार?”

ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, “वन्सं, प्रभूचं काम आहे. नाही कसं म्हणू?”

“तोंड उघडून म्हणायचं. जीभ लकव्यानं महिपतीची गेलीय, तुझी नाही.”

तिनं भाकरी तव्यावर टाकली. बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. असल्या माणसांशी भांडण करायचं तरी कसं?

दिवाळी झाली आणि आमचा उपकारस्तुतीचा रविवार आला. देवानं वर्षभर दिलं त्याबद्दल आभार मानायचा हा सण. त्या दिवशी उपासनेनंतर सगळ्या मंडळीला जेवण असतं. त्या वर्षी तो महिन्याचा पहिलाच रविवार आला, म्हणजे प्रभुभोजन पण त्याच दिवशी. शनिवारी हेमावतीनं कारखान्याची अर्धी रजा काढली. एका गॅसवर मनुका उकळत होत्या, दुसऱ्याजवळ शंभर माणसांच्या आमटीसाठी चिंच भिजत होती. मधूनच ती पोरांची गाणी बसवायला चर्चमध्ये जाऊन आली, येताना कुणालातरी दवाखान्यात भेटून आली. मग दोन्ही गाळून तिनं कोल्ड्रिंकच्या दोन रिकाम्या बाटल्यांत भरून फ्रिजमध्ये शेजारी-शेजारी उभं केलं. मनुकांचा रस तपकिरी. चिंचेचा पातळ कोळ तपकिरी.

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल.

सकाळी एक बाटली वेदीमागच्या खोलीत गेली आणि एक स्वयंपाकाच्या मांडवात. छोटे पेले गायकगटातल्या पोरींनी घाईघाईत भरले. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, भाकर मोडली, आणि रिवाजाप्रमाणे पहिला पेला स्वतः घेतला. मी तिसऱ्या बाकावर होते, मला सगळं दिसत होतं. त्यांनी पेला ओठाला लावला आणि डोळे मिटले. जरा जास्तच वेळ मिटले. मग गिळलं आणि म्हणाले, “या.” ओळीनं माणसं गेली. आता प्रभूच्या मेजापाशी गुडघे टेकल्यावर तोंड वाकडं कोण करणार? सगळे जण गंभीर चेहऱ्यानं कोळ पिऊन परत येत होते आणि बाकावर बसून हळूच ओठ पुसत होते. मला वाटलं, आज मंडळी फारच भक्तीत आहे. माझी पाळी आली आणि मला समजलं. बसता बसता काशम्मा आजीनं तिच्या सुनेला विचारलं, “आज आमटी आधी दिली का गं?” आजीला ऐकू कमी येतं, म्हणून ती मोठ्यानं बोलते. मागचे दोन बाक खाकरायला लागले.

मला पण हसू येत होतं. ते महिपतीपर्यंतच टिकलं.

त्याच्या घशाची एक बाजू अजून आळशी होती. पातळ काही प्यायचं तर हनुवटी खाली घेऊन, सावकाश, हे त्याला मीच शिकवलं होतं आणि दर वेळी तो तसंच करायचा. पण तोंडात गोडाऐवजी आंबट आलं आणि तो दचकला. कोळ श्वासनळीकडं गेला. ठसका लागला तो थांबेचना. डोळे पांढरे व्हायला लागले, मान खुर्चीच्या पाठीवर पडली. मी बाकांवरून कशी गेले ते मला आठवत नाही. त्याला पुढं वाकवला आणि खांद्यांच्या मध्ये तळव्यानं दणके घातले. पुढं हेमावती गायकगटात उभी होती. पेटी, तबला आणि वीस माणसांचा आवाज, तिला काही ऐकू गेलं नाही. ती डोळे मिटून गात होती.

शेवटी सगळं बाहेर पडलं आणि त्याचा श्वास मोकळा झाला. गाणं संपल्यावर तिनं डोळे उघडले, तेव्हा सगळं चर्च मागं वळून बघत होतं.

आम्ही त्याला रिक्षानं घरी आणलं. जेवणाच्या मांडवात चिंचेऐवजी मनुकांचा रस पडून आमटी गोडमिट्ट झाली आणि पोरांनी ती वाट्या भरभरून प्यायली, हे मला नंतर कुणीतरी सांगितलं. त्या वेळी आम्हाला त्याचं काही नव्हतं. महिपतीला खाटेवर निजवला. हेमावती त्याच्या पायाशी बसली. साडीवर कोळाचे डाग, केस सुटलेले. तो तिच्याकडं बघत राहिला. मग एकेक शब्द जुळवत म्हणाला, “तू कुठं होतीस?”

“गात होते हो. तिथंच होते.”

तो मान हलवून म्हणाला, “आज नाही. रोज. रोज कुठं असतीस तू?”

ती उठली आणि मागच्या दारी धुण्याच्या दगडावर जाऊन बसली. मी मागून गेले. बोलायला गेले होते, खोटं कशाला सांगू? जीभ तयार होती. पण ती इतकी हुंदके देऊन रडत होती की मी तिच्या शेजारी ओल्या फरशीवरच बसले.

“वन्सं, मी ठरवलं होतं प्रभूशी,” ती म्हणाली. “हे पडले त्याच दिवशी दवाखान्यात ठरवलं. कुठल्याच कामाला नाही म्हणणार नाही. मी त्याचं सगळं करीन, त्यानं ह्यांना उठवावं. एका जरी कामाला नाही म्हटलं आणि हे उठलेच नाहीत, तर? मला भीती वाटायची वन्सं. म्हणून मी पळत होते.”

इतके दिवस मला वाटत होतं की हिला नाही म्हणता येत नाही. आणि हिनं तर नवस केला होता! आमच्यात नवस नसतो. आजूबाजूच्या बायका नवस करतात, फेडतात, त्यांचं त्यांना. आमच्या घरात लहानपणापासून शिकवलेलं की कृपा विकत मिळत नाही, ती मागायच्या आधीच दिलेली असते. आणि मंडळीतली सगळ्यात भक्तिमान बाई बोलली नाही कुणाला, पण आतल्या आत देवाशी सौदा करून बसली होती.

“हेमा,” मी म्हटलं, “प्रभू काय तुझ्याकडून हप्ते घेतोय? लाच घेऊन माणसं बरी करायला तो काय कुठला साहेब आहे? त्यानं दिपालीला पाठवलं, हे दोन हात तुला दिले, महिपतीला तुझं ऐकायची बुद्धी दिली. माझं नाही, तुझं. आणखी काय करायचं त्यानं? खाली उतरून स्वतः त्याचा पाय उचलायचा?”

मी रागातच बोलले होते. पण तिचं रडणं थांबलं. तिनं पदरानं नाक पुसलं. मग तिनं विचारलं, “म्हणजे मी उगाच पळाले?”

“लोकांच्या उपयोगी पडलीस. उगाच कसं म्हणू? पण घर मागं पडलं, बाई.”

बुधवारी चर्च कमिटीची बैठक होती. मला कुणी बोलावलं नव्हतं, तरी मी गेले. हेमावतीनं आधी कोळाची माफी मागितली. पाळकसाहेब भला माणूस. ते म्हणाले, “बाई, आंबट आम्हाला लागलं. प्रभूला नसेल लागलं.” थोडं हसणं झालं. लगेच अभिमन्यू थोरातांनी चष्मा वर केला. “झालं गेलं गंगेला मिळालं. तर हेमाताई, नाताळच्या जेवणाचं एवढं बघता का?”

हेमावती म्हणाली, “साकु.”

खोलीत कुणाला काही समजलं नाही. मला समजलं. कानडीत ‘पुरे’ म्हणायचं असलं की साकु म्हणतात. तिच्या तोंडून आईची भाषा निघाली, म्हणजे ते कुठून आलं ते बघा.

मग ती मराठीत म्हणाली, “पुरे झालं, भाऊ. मी गायकगटात गाणार. बाकीची कामं तुम्ही वाटून घ्या.”

“अहो, पण प्रभूचं काम—”

“माझ्या घरातलं पण त्याचंच हाय,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही, मान खाली घातली नाही. “तेच टाकून मी हिकडं येत होते.”

थोरातांनी पाळकसाहेबांकडं बघितलं. पाळकसाहेब म्हणाले, “लिहून घ्या, थोरात. रविवारचा चहा कमिटीतले पुरुष करतील. मी पण आलो त्यात.” मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. आमच्यात पाया पडत नाहीत, म्हणून नुसता सलाम केला.

त्यानंतर आमचं घर बदललं. सकाळी तिघांची प्रार्थना आधीपासून होतीच, ती खाटेभोवती बसून व्हायची. हेमावतीनं ती उभ्यानं सुरू केली. महिपतीनं खिडकीचा गज धरून उभं राहायचं आणि तिनं गाणं म्हणायचं. कडवं चालू आहे तोवर उभं, धृपद आलं की बसायचं. पुढं तिनं गजावरचा हात काढायला लावला. मग कडव्याला खाटेपासून दारापर्यंत चालायचं आणि धृपदाला भिंतीला टेकायचं. घड्याळ लावायची भानगडच नाही. मोठी कडवी असलेलं गाणं निवडलं की व्यायाम वाढला. महिपती पण वस्ताद. तो कडवं पळवायचा, आणि धृपद आलं की असं लांबवायचा, जसा काही संमेलनात गातोय. ती त्याला परत पहिल्या ओळीवर आणायची. “लबाडी नको. प्रभू बघायलाय.” तो म्हणायचा, “तो बघू दे, तू नको बघू.” बोलण्यात अडकणारी त्याची जीभ गाण्यात सुटायला लागली.

दिपाली तर खूश. एकदा मला म्हणाली, “मावशी, ही आयडिया लई भारी हाय. तुमची गाणी आता माझ्या पण तोंडात बसल्यात. परवा गाडीवर गुणगुणत हुते, तर माझी आई म्हणाली, कुटल्या पिच्चरमधलं गं?”

आणि चर्च? चर्च बंद पडलं नाही. पुरुषांनी केलेला पहिल्या रविवारचा चहा म्हणजे चहा नव्हता, शिक्षा होती. पण चौथ्या-पाचव्या वेळी जमला त्यांना. शब्बाथशाळा उत्कर्षा नावाच्या कॉलेजातल्या मुलीनं घेतली आणि पोरं तिच्या मागं वेडी झाली. हेमावतीला ते थोडं लागलं. एकदा भांडी घासता घासता म्हणाली, “वन्सं, मला वाटायचं मी नसले तर सगळं कोसळेल. कुणाला पत्ता पण लागला नाही की.” मग हसली, आणि हसता हसता डोळे भरले तिचे. मी म्हटलं, “बरं झालं की. आता कळलं ना, मंडळी कुणी धरून ठेवलीय ते?”

रविवारी उपासनेहून आल्यावर ती जेवायची आणि झोपायची. चक्क घोरायची. फोन वाजला की मी उचलायचे. “हेमाताई आहेत का?” “झोपलीय. तुम्ही पण झोपा, आज रविवार आहे.” मला या कामात जितकं समाधान मिळालं तितकं नोकरीत सुद्धा कधी मिळालं नव्हतं. सोमवारी ती कारखान्यात जायची ती ताजी होऊन. मालकानं एकदा विचारलं म्हणे, बाई, काय टॉनिक घेता?

मार्चचा पहिला रविवार आला. ऊन आत्ताच भाजायला लागलेलं, चर्चमधले पंखे गरम हवा फिरवत होते. महिपती आता चाकाच्या खुर्चीत नव्हता. काठी घेऊन घरात, गल्लीत चालायचा. त्या दिवशी तो बाकावर माझ्या शेजारी बसला होता. पाळकसाहेबांनी “या” म्हटलं, आणि आमच्या ओळीची पाळी आली तेव्हा तो काठी टेकवून उभा राहिला. मला काही सांगितलं नव्हतं त्यानं. सांगितलं असतं तर मी दहा सूचना केल्या असत्या. मी मागं मागं निघाले, तर त्यानं डाव्या हातानं मला थांबवलं.

तो मधल्या वाटेनं एकटा निघाला. पाऊल टाकायचा, थांबायचा, पुढचं टाकायचा. गायकगट गात होता आणि हेमावतीचे डोळे उघडे होते, त्याच्यावरच होते. अर्ध्या वाटेवर काठीचं टोक गुळगुळीत फरशीवर सरकलं आणि तो आडवा पडला. काठी बाकांखाली गेली.

सगळं चर्च उठलं. थोरात धावले, दोन तरुण धावले, मी तर ओरडतच निघाले. पण सगळ्यांच्या आधी हेमावती वेदीच्या पायऱ्या उतरून तिथं पोचली होती. ती त्याच्या पुढ्यात उभी राहिली आणि आमच्याकडं तोंड करून तिनं दोन्ही हात आडवे पसरले.

“कुणी हात लावू नका.”

“हेमा, बाजूला हो,” मी म्हटलं. “नर्स आहे मी.”

“वन्सं, थांबा. दिपालीनं शिकवलंय त्यांना पडल्यावर उठायला. तुम्ही बाजाराला गेला की करायचो आम्ही. तुम्ही करू दिलं नसतं.” मग ती मागं वळली. “अहो, लागलंय का कुठं?” त्यानं मान हलवली. नाही. “मग उठा.”

एवढंच. वाकली नाही, हात दिला नाही. जी बाई सगळ्या सोलापूरच्या हाकेला धावायची, ती आपल्या पडलेल्या नवऱ्यापासून हातभर अंतरावर नुसती उभी राहिली. धावण्यापेक्षा हे किती अवघड असतं, ते मला विचारा. माझेच हात शिवशिवत होते.

महिपती कुशीवर वळला. डाव्या कोपरावर अंग उचललं. एक गुडघा पोटाखाली घेतला. बाकाची कड धरली. एकदा घसरला, परत धरली. गाणं मधेच थांबलं होतं, नुसते पंखे फिरत होते. मग तो उभा राहिला. शर्टाची बाही धुळीनं माखली होती, कपाळावरून घाम ओघळत होता. कुणीतरी काठी पुढं केली, ती त्यानं घेतली. पाळकसाहेब तबक हातात धरून वेदीपाशीच थांबले होते. एक पाऊल पुढं आले नाहीत, देव त्यांचं भलं करो.

हेमावती अजून तिथंच उभी होती. महिपतीनं तिच्याकडं बघितलं आणि अगदी स्पष्ट, एकही शब्द न अडखळता म्हणाला, “मी जातो आता. तू जा, गा.”

ती पायऱ्या चढून आपल्या जागेवर गेली. पेटीवाल्यानं सूर दिला, परत दिला. तिनं तोंड उघडलं, पण तिच्या गळ्यातून आवाज फुटेना. मग ते कडवं आम्ही सगळ्यांनी म्हटलं. माझा आवाज फाटका आहे, तरी मी म्हटलं, तो वेदीपाशी पोचून गुडघे टेकेपर्यंत.